राष्ट्रभाषा प्रचार समिती, वर्धा

राष्ट्रभाषा प्रचार समिती, वर्धा ही हिंदीतर प्रदेशांत हिंदीचे शिक्षण देणारी, परीक्षा घेणारी आणि भारतीय भाषांमध्ये साहित्यिक देवाणघेवाण घडवून आणणारी स्वयंसेवी संस्था आहे. एप्रिल १९३६ मध्ये नागपूर येथे भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनाच्या अधिवेशनात या संस्थेचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी वर्धा येथे तिचे काम सुरू झाले. महात्मा गांधी, डॉ. राजेंद्रप्रसाद, पुरुषोत्तमदास टंडन, काका कालेलकर आणि जमनालाल बजाज यांचा तिच्या उभारणीत प्रमुख वाटा होता. ऐच्छिक परीक्षांची पायऱ्यापायऱ्यांची रचना, मानधनाची फारशी अपेक्षा न ठेवणारे प्रचारक आणि स्वतःचे प्रकाशन या तिहींच्या आधारावर संस्थेचा विस्तार झाला. १९७५ साली नागपूरला भरलेले पहिले विश्व हिंदी संमेलन याच समितीच्या विद्यमाने पार पडले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या लोकांनी परस्परांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीपुढे उभा होता. काँग्रेसच्या व्यासपीठावरील व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चाले आणि इंग्रजी जाणणारा वर्ग अगदी लहान होता. गांधीजींनी १९१८ साली इंदूर येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि त्यानंतर दक्षिणेत हिंदीच्या प्रचाराचे काम संघटितपणे सुरू झाले. त्यांचे पुत्र देवदास गांधी यांनी मद्रासमध्ये पहिले वर्ग चालविले. पुढे या कामातूनच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली.

दक्षिणेतील चार भाषांच्या प्रदेशाची व्यवस्था अशा रीतीने लागली. परंतु महाराष्ट्र, गुजरात, सिंध, उत्कल, बंगाल आणि आसाम या हिंदीतर प्रदेशांसाठी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. १९३५ साली गांधीजी दुसऱ्यांदा इंदूर येथे संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा या उणिवेकडे लक्ष वेधले गेले. पुढील वर्षी नागपुरात या विचाराला संस्थेचे रूप मिळाले.

नागपूर अधिवेशन (१९३६)

अधिवेशनासाठी नागपूरची निवड अनेक अर्थांनी समर्पक होती. नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. या प्रांतात हिंदी भाषक जिल्ह्यांबरोबरच नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे आणि वऱ्हाडातील अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा हे मराठी भाषक जिल्हे होते. कचेऱ्यांत, बाजारपेठेत आणि शाळांत दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत. त्यामुळे एका भाषेच्या माणसाने दुसरी भाषा शिकणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हती.

एप्रिल १९३६ च्या या अधिवेशनाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते. हिंदीतर प्रांतांत प्रचाराचे काम करण्यासाठी वेगळी समिती नेमावी आणि तिचे कार्यालय वर्धा येथे ठेवावे, असे तेथे ठरले. वर्ध्याच्या निवडीमागे व्यावहारिक कारणे होती. गांधीजी १९३४ पासून वर्ध्यास राहत होते आणि १९३६ साली त्यांनी जवळच्या शेगाव या खेड्यात मुक्काम हलविला. तेच पुढे सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज यांचे आर्थिक व संघटनात्मक पाठबळ वर्ध्यात सहज उपलब्ध होते. शिवाय उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे रेल्वेमार्ग या भागात एकत्र येतात.

समितीची पहिली बैठक जुलै १९३६ मध्ये झाली. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष, तर दक्षिणेतील प्रचारकार्याचा अनुभव असलेले मोटूरी सत्यनारायण हे पहिले मंत्री झाले. मोटूरी सत्यनारायण यांची मातृभाषा तेलुगू, कालेलकरांची मराठी आणि टंडनांची हिंदी होती. प्रारंभी समितीचे नाव ‘हिंदी प्रचार समिती’ असे होते. नंतर ते ‘राष्ट्रभाषा प्रचार समिती’ असे बदलण्यात आले.

हिंदी की हिंदुस्तानी?

समितीच्या पहिल्या दशकावर एका वादाची छाया होती. त्याची ठिणगीही नागपुरातच पडली. १९३६ च्या एप्रिलमध्येच नागपूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषदेची बैठक झाली. निरनिराळ्या भारतीय भाषांतील साहित्यिकांना एकत्र आणावे, हा तिचा हेतू होता आणि कन्हैयालाल मुनशी व प्रेमचंद यांचा त्यात पुढाकार होता. परिषदेच्या व्यवहाराची भाषा कोणती असावी, असा प्रश्न निघाला. गांधीजींनी ‘हिंदी-हिंदुस्तानी’ असा जोडशब्द सुचविला. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्य अनेक वर्षे औरंगाबादहून करणारे मौलवी अब्दुल हक यांनी त्याला आक्षेप घेतला. ‘हिंदुस्तानी’ हा एकच शब्द पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हा एका शब्दाचा वाद होता. प्रत्यक्षात मात्र संस्कृत शब्दांकडे झुकणारी, नागरी लिपीतील भाषा आणि फारसी-अरबी शब्द सामावून घेणारी, उर्दू लिपीतील भाषा यांपैकी सामाईक भाषेचा चेहरा कोणता, असा तो प्रश्न होता.

गांधीजींच्या मते, उत्तरेतील हिंदू व मुसलमान जी भाषा बोलतात आणि जी नागरी व उर्दू या दोन्ही लिप्यांत लिहिली जाते ती राष्ट्रभाषा होय. शिकणाऱ्याने दोन्ही लिप्या शिकाव्यात, असा त्यांचा आग्रह वाढत गेला. टंडन आणि संमेलनातील बहुसंख्य मंडळी नागरी लिपी व हिंदी हे नाव यांवर ठाम होती. १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली आणि कालेलकर गांधीजींच्या बाजूने त्या कामात गेले. १९४५ साली टंडन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारानंतर गांधीजींनी हिंदी साहित्य संमेलनाचा राजीनामा दिला. राष्ट्रभाषा प्रचार समिती मात्र संमेलनाशी संलग्न राहून नागरी लिपीतील हिंदीचेच काम करीत राहिली.

या फुटीचा परिणाम महाराष्ट्रातील संघटनेवरही झाला. पुण्यात १९३७ पासून चालत आलेल्या प्रांतिक कार्यातून १९४५ साली महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा ही स्वतंत्र संस्था आकारास आली. तेव्हापासून मराठी भाषक प्रदेशात हिंदी शिकविणाऱ्या दोन परीक्षा-परंपरा समांतर चालू राहिल्या. एकाच गावात एका शाळेत वर्ध्याच्या तर दुसऱ्या शाळेत पुण्याच्या परीक्षा, असे चित्र अनेक ठिकाणी दिसत असे.

कार्यपद्धती

समितीचा विस्तार समजून घेण्यासाठी तिच्या परीक्षांची रचना पाहणे आवश्यक आहे. प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद आणि रत्न अशा चढत्या क्रमाने या परीक्षा आखलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर अक्षरओळख, साधी वाक्ये आणि सोपे वाचन असते. शेवटच्या पायरीवर काव्य, गद्य, व्याकरण, साहित्याचा इतिहास आणि निबंधलेखन यांचा अभ्यास करावा लागतो. ‘परिचय’ ही परीक्षा हिंदीच्या ज्ञानापुरती मॅट्रिकच्या, ‘कोविद’ इंटरच्या आणि ‘रत्न’ बी. ए. च्या पातळीची मानली गेली. परीक्षा वर्षातून दोनदा घेतल्या जात.

या रचनेचे तीन गुण होते. पहिला म्हणजे वयाची अट नसणे. शाळकरी मुलगा, गृहिणी, टपाल खात्यातील कारकून आणि दुकानदार हे एकाच बाकावर बसून एकच प्रश्नपत्रिका सोडवू शकत. दुसरा गुण लहान टप्प्यांचा होता. काही महिन्यांच्या अभ्यासानंतर हाती प्रमाणपत्र पडत असल्याने शिकणाऱ्याचा उत्साह टिकून राही. तिसरा गुण स्वस्ताईचा होता. वर्ग बहुधा शाळेच्या इमारतीत शाळा सुटल्यावर भरत, शुल्क अल्प असे आणि पुस्तके समितीच छापून पुरवी.

शिक्षणाचा खरा भार ‘प्रचारक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यकर्त्यांवर होता. प्रचारक हा बहुधा स्थानिक शिक्षक असे. त्याने स्वतः वरच्या परीक्षा उत्तीर्ण केलेल्या असत. तो आपल्या गावी केंद्र उघडी, विद्यार्थी जमवी, वर्ग घेई आणि परीक्षेची व्यवस्था पाही. वर्ध्याचे मुख्य कार्यालय अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, तपासणी व प्रमाणपत्रे यांचे काम करी, तर प्रांतिक समित्या केंद्रांशी संपर्क ठेवीत. विदर्भासाठीच्या प्रांतिक समितीचे कार्यालय नागपूर येथे राहिले. आसामात गोपीनाथ बोरदोलोई यांच्यासारख्या नेत्याने प्रांतिक कामाचे नेतृत्व केले.

शिकविणारा आणि शिकणारा यांची मातृभाषा एकच असणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. मराठी शिक्षक मराठी विद्यार्थ्याला हिंदी शिकवी, तेव्हा विद्यार्थ्याची नेमकी कोठे चूक होईल याची त्याला कल्पना असे. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही. म्हणून मराठी विद्यार्थी ‘पुस्तक’, ‘घर’ यांसारख्या शब्दांच्या लिंगाशी अडखळतो. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, तर हिंदीत तो स्त्रीलिंगी आहे. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत दंडाचा, तर हिंदीत शिक्षणाचा वाचक आहे. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, तर हिंदीत प्रयत्न. समान लिपी आणि समान शब्दसंपत्ती यांमुळे हिंदी सोपी वाटते आणि नेमकी त्याच कारणाने चुकते, ही अडचण असे शिक्षक सहज ओळखत.

प्रकाशने आणि लिपीसुधारणा

वर्ध्यातील समितीचा परिसर ‘हिंदीनगर’ या नावाने ओळखला जातो. तेथील राष्ट्रभाषा मुद्रणालयातून पाठ्यपुस्तके, कोश, व्याकरणे आणि नियतकालिके प्रसिद्ध झाली. ‘राष्ट्रभाषा’ हे मासिक प्रचारक व परीक्षार्थी यांच्यासाठी होते, तर ‘राष्ट्रभारती’ हे मासिक विविध भारतीय भाषांतील साहित्य हिंदी अनुवादाच्या रूपाने वाचकांपुढे ठेवी. ‘कविश्री माला’ या पुस्तकमालेत निरनिराळ्या भारतीय भाषांतील कवींचा परिचय हिंदी वाचकांना करून देण्यात आला. हिंदीने केवळ पसरावे असे नव्हे, तर इतर भाषांतील साहित्याची वाहक व्हावे, ही भूमिका या प्रकाशनांमागे होती.

समितीच्या जुन्या पुस्तकांत आजच्या वाचकाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. त्यांत ‘इ’, ‘उ’, ‘ए’ या स्वरांऐवजी ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे छापलेले आढळते. कालेलकरांच्या पुढाकाराने झालेल्या लिपीसुधारणेचा हा अवशेष आहे. एकाच ‘अ’ ला मात्रा जोडून सर्व स्वर लिहिल्यास छपाईचे खिळे कमी लागतील आणि नवशिक्याला अक्षरे लवकर येतील, असा त्यामागील विचार होता. विनायक दामोदर सावरकर यांनीही मराठीसाठी अशाच स्वरलेखनाचा पुरस्कार केला होता. ही सुधारणा सर्वमान्य झाली नाही आणि पुढे ती मागे पडली.

स्वातंत्र्योत्तर काळ

१४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा म्हणून स्वीकारली. संविधानाच्या कलम ३४३ मध्ये ही तरतूद आहे. संविधानात ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा कोणत्याही एका भाषेला दिलेला नाही. ‘राजभाषा’ हा शब्द संघराज्याच्या शासकीय कामकाजापुरता आहे. समितीच्या नावातील ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द स्वातंत्र्यपूर्व चळवळीच्या परिभाषेतून आलेला आहे, हे लक्षात घेतल्यास पुष्कळसा गोंधळ टळतो. समितीच्या आग्रहावरून १९५३ पासून १४ सप्टेंबर हा ‘हिंदी दिवस’ म्हणून साजरा होऊ लागला.

या काळात समितीची धुरा भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडे होती. पंजाबात जन्मलेल्या या बौद्ध भिक्षूंनी सुमारे एक दशक समितीचे मंत्रिपद सांभाळले. त्यांनी पुढे श्रीलंकेत हिंदीचे अध्यापन केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नागपूरला दीक्षाभूमीशी निगडित राहिले. १९८८ साली नागपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर मोहनलाल भट्ट यांनी दीर्घकाळ समितीचा कारभार पाहिला.

द्विभाषिक नागपूर

समितीच्या कार्याला ज्या वातावरणाने पोषण दिले त्याची कल्पना नागपूरच्या साहित्यजीवनावरून येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते आणि राज्यकारभारात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना स्थान होते. डॉ. रघुवीर यांनी याच शहरात संस्कृतवर आधारलेल्या शासकीय परिभाषेचे काम केले. दैनिक ‘नवभारत’ १९३८ साली नागपुरातून सुरू झाले. विदर्भ साहित्य संघ ही मराठीची प्रमुख संस्था १९२३ साली स्थापन झाली आणि पुढे नागपूर हेच तिचे केंद्र बनले.

मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण येथे आवर्जून दिले जाते. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरात जन्मलेले आणि आधुनिक हिंदी कवितेत अग्रस्थानी असलेले कवी काही वर्षे नागपूरला होते. ‘नया खून’ या साप्ताहिकाशी त्यांचा संबंध होता. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील महत्त्वाचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले व नागपूरलाच मराठीचे प्राध्यापक होते. अनंत गोपाळ शेवडे हेही मराठी भाषक. त्यांनी ‘नागपूर टाइम्स’ हे इंग्रजी दैनिक चालविले आणि कादंबऱ्या हिंदीत लिहिल्या. १९४२ च्या आंदोलनावरील त्यांची ‘ज्वालामुखी’ ही कादंबरी अनेक भारतीय भाषांत अनुवादित झाली.

राज्यपुनर्रचनेने ही स्थिती पालटली. हिंदी जिल्हे नव्या मध्य प्रदेशात गेले, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. नागपूरचे राजधानीपण संपले. हिंदी-मराठी सहवास मात्र टिकून राहिला.

पहिले विश्व हिंदी संमेलन

१० जानेवारी १९७५ रोजी नागपूर येथे पहिल्या विश्व हिंदी संमेलनाचे उद्घाटन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. संमेलनाचे यजमानपद राष्ट्रभाषा प्रचार समितीकडे होते. समितीचे तत्कालीन अध्यक्ष मधुकरराव चौधरी महाराष्ट्र शासनात मंत्री होते. संयोजनात शेवडे यांनी मोठा भार उचलला. मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम प्रमुख पाहुणे होते. ३० देशांतील १२२ प्रतिनिधी उपस्थित राहिले. ‘वसुधैव कुटुंबकम्’ हे संमेलनाचे बोधवाक्य होते.

संमेलनात तीन प्रमुख ठराव झाले. संयुक्त राष्ट्रसंघात हिंदीला अधिकृत भाषेचे स्थान मिळावे, वर्धा येथे आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ स्थापन व्हावे आणि संमेलनाच्या कार्याला स्थायी स्वरूप द्यावे, अशा मागण्या त्यांत होत्या. पहिली मागणी पूर्ण झालेली नाही. दुसरीला दोन दशकांहून अधिक काळ लागला. संसदेच्या कायद्यानुसार १९९७ साली वर्धा येथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय अस्तित्वात आले. तिसऱ्या ठरावाच्या दिशेने १९७६ साली मॉरिशसला दुसरे संमेलन झाले आणि पुढे त्याच देशात विश्व हिंदी सचिवालय उभे राहिले. नागपूरच्या संमेलनाचा आरंभदिन म्हणून १० जानेवारी हा दिवस २००६ पासून ‘विश्व हिंदी दिवस’ म्हणून पाळला जातो.

परदेशांशी समितीचा संबंध संमेलनापुरता नव्हता. दक्षिण आफ्रिकेत पंडित नरदेव वेदालंकार यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या हिंदी शिक्षा संघाने वर्ध्याच्या परीक्षा तेथे सुरू केल्या. गिरमिटिया मजुरांच्या वंशजांना पूर्वजांची भाषा शिकण्यासाठी तयार अभ्यासक्रम आणि परीक्षा यांमुळे उपलब्ध झाल्या.

मर्यादा आणि टीका

समितीच्या कार्याविषयी तीन प्रकारचे आक्षेप घेतले गेले. पहिला आक्षेप लिपी व शब्दसंपत्तीविषयीचा होता. उर्दू लिपी वगळल्याने सामाईक भाषेची कल्पना संकुचित झाली, असे हिंदुस्तानीच्या पुरस्कर्त्यांचे मत होते. दुसरा आक्षेप एकेरी देवाणघेवाणीचा होता. हिंदीतर प्रांतांतील लाखो लोक हिंदी शिकले, पण त्या प्रमाणात हिंदी प्रांतांतील लोक मराठी, बंगाली किंवा तमिळ शिकले नाहीत. १९६८ च्या त्रिभाषा सूत्रात हिंदी भाषक राज्यांनी एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतील, शिकवावी अशी अपेक्षा होती. तिची अंमलबजावणी फारशी झाली नाही. तिसरा आक्षेप सक्तीच्या भीतीतून आला. १९६५ साली मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन झाले. महाराष्ट्रात २०२५ साली पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याच्या शासननिर्णयाला तीव्र विरोध झाला आणि जूनअखेर शासनाने तो निर्णय मागे घेतला.

तिसऱ्या आक्षेपाच्या संदर्भात समितीच्या परीक्षांचे ऐच्छिक स्वरूप लक्षणीय ठरते. परीक्षार्थी स्वतःहून येई, शुल्क भरी आणि आपल्या गतीने पुढे जाई. भाषा शिकण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा असे. त्यामुळे सक्तीविरुद्ध जी तक्रार होते ती या पद्धतीविरुद्ध सहसा झाली नाही. मात्र शालेय अभ्यासक्रमात हिंदी आल्यानंतर आणि चित्रपट, आकाशवाणी, दूरदर्शन यांमुळे ती घरोघरी ऐकू येऊ लागल्यानंतर स्वतंत्र परीक्षेची निकड पूर्वीइतकी राहिली नाही. ऐकून समजणारी हिंदी आणि शुद्ध लिहिता येणारी हिंदी यांतील अंतर मात्र अशा श्रवणाने भरून निघत नाही आणि समितीच्या पायरीवार अभ्यासक्रमाचे प्रयोजन तेथे उरते.

महत्त्व

शासनाचा आदेश नसताना एखादी भाषा मोठ्या लोकसंख्येपर्यंत कशी पोहोचवता येते, याचे राष्ट्रभाषा प्रचार समिती हे भारतातील एक ठळक उदाहरण आहे. लहान टप्पे, स्वस्त पुस्तके, स्थानिक शिक्षक आणि विश्वसनीय प्रमाणपत्र ही तिची साधने इतर भाषांच्या प्रसारकांनाही अभ्यासण्याजोगी आहेत. परप्रांतीयांना मराठी शिकविण्याचा प्रश्न आज मुंबई, पुणे व नागपूर या शहरांत पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. मराठीसाठी अशी प्रौढांकरिता पायरीवार, सर्वत्र उपलब्ध आणि ऐच्छिक परीक्षा-व्यवस्था उभारायची झाल्यास वर्ध्याच्या अनुभवातील यश आणि अपयश दोन्ही मार्गदर्शक ठरतील.